शंभरपर्यंत

ही गोष्ट दोन हजार अठरा सालची. धाकटीने ते साल विसरायचं म्हटलं तरी तिला विसरता येत नाही. त्या साली मार्चमध्ये तिच्या घरात इंटरनेटची वायर आली, आणि त्या वायरीपायी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नि थोरलीच्या बोलण्यात घोटाळा झाला.

एकाहत्तर वर्षांच्या बाईला धाकटी म्हटलं की ऐकणाऱ्याला हसू येतं. पण माणूस म्हातारं झालं म्हणून नातं म्हातारं होत नाही. थोरली अठ्ठ्याहत्तरची होती, आणि ती होती तोवर ही धाकटीच. जिन्यातले शेजारीसुद्धा तिला धाकट्या मावशी म्हणत. कोणाच्या मावशी, हे कोणी विचारलं नाही.

दोघी बहिणी कापडाच्या गिरणीत विणाईखात्यात कामाला होत्या. थोरली सोळाव्या वर्षी लागली, धाकटी तिच्या मागून सात वर्षांनी. एका छपराखाली चारशे माग आणि प्रत्येकातला आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे आपटत असलेला. तो आवाज ज्याने ऐकला त्याला सांगायला नको, आणि ज्याने ऐकला नाही त्याला सांगून कळणार नाही. तिथे कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी उपयोग नसे. म्हणून बायका ओठांनी बोलत. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ नीट हलवायचे, समोरचीने वाचायचे. मागांच्या दोन रांगा ओलांडून सासूची उणीदुणी काढता यायची, आणि सासू त्याच खात्यात असली तरी तिची पाठ असली की झालं.

त्या आवाजाने थोरलीचे कान खाल्ले, धाकटीचे कसेबसे वाचले. पन्नाशीत कमी ऐकू यायला लागलं आणि साठीला दार पुरतं बंद झालं. सगळ्या जगाला ती बहिरी झाली, धाकटीला नाही. दोघी समोरासमोर बसल्या की पूर्वीसारख्याच तासन्‌तास बोलत, आणि घरातल्यांना वाटे, दोन म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत गप्प बसल्यात.

पण समोरासमोर बसणंच अवघड झालं होतं. गिरणी बंद पडल्यावर थोरली नवऱ्याबरोबर दुसऱ्या शहरात गेली, रेल्वेने दीड दिवसाच्या वाटेवर. टेलिफोन तिच्या काय कामाचा? पंधरा वर्षं पत्रांवर निघाली. मग फोनमध्ये माणसाचा चेहरा हलताना दिसायला लागला, आणि दोघींना हरवलेली जीभ सापडल्यासारखं झालं. रविवारी संध्याकाळी पाच ही त्यांची वेळ ठरली.

धाकटीच्या घरात धाकटी आणि तिची नणंद, दोघीच. धाकटीचा नवरा गेल्यावर नणंद आपलं बिऱ्हाड उचलून आली ती राहिलीच. ती पस्तीस वर्षं बसच्या तिकीट खिडकीवर होती, त्यामुळे माणसाचं म्हणणं पुरतं ऐकायच्या आधीच उत्तर देण्याची तिला सवय. धाकटी तिला वन्सं म्हणे, ती धाकटीला वहिनी. भांडण हा दोघींचा व्यायाम होता.

घराच्या दोन्ही बाजूंना उंच इमारती झाल्यापासून मोबाइलचं नेट खिडकीपाशी यायचं आणि तिथूनच परत फिरायचं. रविवारी पाच वाजता थोरलीचा चेहरा आधी चौकोनाचौकोनांचा व्हायचा आणि मग गोठायचा. बोलणाऱ्या माणसाचा आवाज तुटला तर दोन शब्द जातात. ओठ गोठले तर सगळंच जातं. म्हणून कोपऱ्यावर त्या कंपनीची पाटी लागली, ‘घरबसल्या शंभरचा वेग’, तेव्हा धाकटीने तिसऱ्या दिवशी अर्ज भरला. पाटीवरचा शंभर माणसाच्या उंचीचा होता.

वायर जोडायला आलेला माणूस चाळिशीचा, मितभाषी, कामाला चोख. त्याने दारावरून वायर आत घेतली, चपलांच्या कपाटावर एक पांढरी डबी बसवली, आपला लॅपटॉप वायरीने थेट त्या डबीला जोडला आणि आकडा दाखवला. चौऱ्याण्णव. धाकटीने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चौऱ्याण्णवच. तिने सही केली, वायरवाल्याला चहा पाजला, तो गेला आणि आकडाही त्याच्याबरोबर गेला.

त्या रविवारी वेग आला सात. पुढच्या रविवारी पाच. मधल्या वारी सकाळी सहाला उठून पाहिलं तर चाळीस, पण सकाळी सहाला थोरली झोपलेली. नणंद म्हणाली, “नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा.” धाकटीने कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावायला सुरुवात केली. आधी एक ध्वनिमुद्रित बाई कंपनीची आरती ओवाळायची. मग दुसरी सांगायची की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि त्यानंतर वीस मिनिटं कोणीच काही सांगायचं नाही. शेवटी एक खरीखुरी मुलगी यायची आणि म्हणायची, डबी बंद करा, तीस सेकंद थांबा, पुन्हा चालू करा. धाकटीने हे आठ वेळा केलं. नवव्या वेळी तिने सांगितलं की मुली, ही डबी आता मला ओळखते, मी जवळ आले की आपणहून बंद पडते.

“मॅडम, आमच्याकडे तर स्पीड येतोय असं दिसतंय.”

“सात येतोय.”

“येतोय ना, मॅडम.”

धाकटीने फोन ठेवला. नणंद आतून म्हणाली की उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांशी वाद घालू नये, शेळीच्या अंगाला काही लागत नाही. धाकटी म्हणाली, वन्सं, शेळी मी आहे, मला लागतंय.

आता हे सगळं केवळ गप्पांसाठी असतं तर तिने सोसलंही असतं. पण त्या वर्षी थोरलीचं काही बरं चाललं नव्हतं. जानेवारीत ती न्हाणीघरात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाल्यावर मुलगा तिला आपल्या घरी घेऊन गेला. थोरलीचं स्वतःचं घर त्याच शहरात, दोन खोल्या आणि पुढे चार कुंड्या ठेवण्याएवढी जागा. गिरणी सुटताना मिळालेल्या पैशांत तिने ते घेतलं होतं, स्वतःच्या नावावर, आणि नवरा गेल्यावर बारा वर्षं तिथे एकटी राहिली होती. ते घर आता बंद होतं आणि मुलाच्या मनात ते विकायचं होतं.

मुलगा वाईट नव्हता. धाकटीला भाचा म्हणून तो कायम आवडत आला. त्याची भीती एवढीच की आईला परत एकटीला ठेवलं आणि ती परत पडली, तर हाक मारूनही कुणाला बोलावणार नाही, कारण आलेलं उत्तर तिला ऐकू येणार नाही. त्यात खोटं काय होतं? पण थोरलीला आपलं घर हवं होतं, आणि ते मुलाला तोंडावर सांगायला ती कचरत होती. ज्याने चार महिने आपली सेवा केली, त्याला ‘मला तुझ्याकडे राहायचं नाही’ असं कसं म्हणायचं?

जूनच्या दुसऱ्या रविवारी तिने धाकटीला विचारलं. विचारलं ओठांनी, कारण फोन सुनेचा, सून त्याच खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसलेली, आणि लिहून काही पाठवलं तर तेही सुनेच्याच फोनवर पडणार. इतकी वर्षं झाली तरी त्या दोघींचं बोलणं त्या घरात कुणाला वाचता येत नव्हतं. थोरली म्हणाली, “पुढच्या शनिवारी कागदांवर सही आहे. तू सांगशील तसं करते. विचार करून पुढच्या रविवारी सांग म्हटलं असतं, पण तेव्हा उशीर झालेला असेल. आत्ताच सांग.”

आणि नेमका त्या दिवशी चेहरा स्वच्छ दिसत होता. त्याचं कारण असं की धाकटीच्या नवव्या तक्रारीनंतर गुरुवारी वायरवाला स्वतः येऊन गेला होता. त्याने खाली जिन्यातली जोडणी बदलली, डबी नवी बसवली, आणि वेग साठावर आणून ठेवला. थोरलीच्या पापण्यासुद्धा मोजता येत होत्या. धाकटी इतकी हरखली की तिला वाटलं, सुटले एकदाची.

ती सरळ थोरलीच्या डोळ्यांत बघत म्हणाली, “घर विकू नकोस.”

थोरली क्षणभर तशीच बघत राहिली. मग तिने मान हलवली. चष्मा काढून डोळे पुसले. थोड्या वेळाने तिने दुसराच विषय काढला, कुंड्यांचा, आणि लवकरच दमले म्हणून फोन सुनेकडे दिला. धाकटीलाही भरून आलं होतं. तिने आत जाऊन नणंदेला सांगितलं की ताईने माझं ऐकलं. नणंद म्हणाली की तुमचं ऐकणारं एक तरी माणूस जगात आहे, बरं वाटलं.

शुक्रवारी दुपारी भाच्याचा फोन आला. आवाज नुसता आनंदाने ओसंडत होता. तो म्हणाला की मावशी, तुझे उपकार कसे फेडू, मी चार महिने सांगतोय आणि आईला पटत नव्हतं, तुझ्या एका शब्दावर ती तयार झाली. म्हणाली, धाकटीनेच सांगितलं, घर विकू. उद्या अकरा वाजता सही.

धाकटी पलंगावर बसली. भाचा पुढे काय बोलला ते तिला कळलं नाही. हं हं करून तिने फोन ठेवला. मग ती ओठांनी तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लागली. घर विकू नकोस. घर विकू नकोस. नणंदेने चहाचा कप पुढे केला तेव्हा ती म्हणाली, “वन्सं, माझं चित्र ‘विकू’वर अडकलं.”

त्याचं असं झालं होतं. आपल्या बोलण्यात ‘नको’ येतं सगळ्यात शेवटी. आधी सगळं घर विकून होतं आणि मग ‘नको’ येतं. थोरलीच्या पडद्यावर धाकटीचं तोंड ‘कू’चा चंबू करून गोठलं आणि परत हललं तेव्हा धाकटी बोलायची थांबून मायेने बघत होती. अर्धं वाक्य अर्धं वाटलं असतं तर थोरलीने पुन्हा विचारलं असतं. पण ‘घर विकू’ हे काय अर्धं वाक्य आहे? ते तर पुरतं, ठणठणीत वाक्य आहे. दोघींनी मिळून घ्यायच्या निर्णयासारखं.

आणि धाकटीला स्वतःचाच संताप आला, कारण ही चूक तिने करायला नको होती. विणाईखात्यात नव्या मुलीला पहिल्याच आठवड्यात शिकवत की ‘नको’ आधी म्हणायचं. मुकादम मध्येच आडवा येतो, सुताची ढकलगाडी जाते, वाक्याचं शेपूट कापलं जातं. म्हणून तिथे कोणी ‘थांबू नकोस’ म्हणत नसे. ‘नको थांबू’ म्हणत. थोरलीनेच तिला ते शिकवलं होतं. चित्र स्वच्छ दिसलं म्हणून धाकटी घरातल्या माणसासारखी बोलली, आणि तिथेच फसली.

पण थोरली इतकी स्वच्छ दिसत असताना आपणच कशा अडकलो? तिने वायरवाल्याला फोन लावला. तो बिचारा कुठल्यातरी गच्चीवर होता, वाऱ्याने आवाज उडत होता. त्याने सांगितलं, “काकू, वेग दोन असतात. एक तुमच्याकडे येणारा, एक तुमच्याकडून जाणारा. पाटीवरचा शंभर येणाऱ्याचा. गुरुवारी मी तोच बघितला. जाणारा कुणी विचारतच नाही.”

“आणि तो किती आहे?”

“तुमच्याकडे? संध्याकाळी असेल एकाच्या आतबाहेर.” मग तो हळूच म्हणाला, “चाळीस घरांना एक वायर दिलीये, काकू. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? माझं नाव सांगू नका.”

म्हणजे इतके महिने धाकटी नुसती बघणारी होती. दिसत नव्हतीच.

तिने लगेच थोरलीकडे फोन लावला. चेहरा आला, पण थोरलीने हाताने खूण केली की तुझं काही हलत नाही. पुन्हा लावला. तेच. नणंद म्हणाली की लिहून मोकळ्या व्हा, ‘विकू नकोस’, दोन शब्द. धाकटीने नकारार्थी मान हलवली. ताईने जे पोराच्या घरात बिनआवाजी विचारलं, त्याचं उत्तर सुनेच्या फोनवर ढळढळीत लिहून पाठवायचं म्हणजे ताईची चोरी चव्हाट्यावर आणायची. भाच्याला फोन करून सांगणं म्हणजेही तेच. उद्यापासून तिला त्याच घरात जेवायचंय. अगदीच काही नाही जमलं तर लिहीन, पण आधी नाही. गाडी पकडून जायचं तर दीड दिवस, आणि सही उद्या अकराला.

“चला,” नणंद म्हणाली आणि चपला घालायला लागली. “कुठे?” विचारल्यावर म्हणाली, “ज्यांनी शंभर लिहिलंय त्यांच्याकडे.”

कंपनीचं कार्यालय बाजारपेठेत होतं. काचेचं दार, आत थंडगार हवा, भिंतीवर हसणारी कुटुंबं. टोकन घेऊन पाऊण तास बसावं लागलं. तेवढ्या वेळात धाकटीने घड्याळाकडे इतक्या वेळा पाहिलं की नणंदेने तिच्या मनगटावर स्वतःचा हात ठेवला. शेवटी टाय घातलेल्या एका माणसापुढे त्यांची पाळी आली. तो फार गोड बोलत होता आणि त्या गोडीने धाकटीच्या डोक्यात तिडीक जात होती. त्याने तिच्या नऊ तक्रारी पडद्यावर पाहिल्या आणि त्या सगळ्या ‘समाधानपूर्वक बंद’ झाल्याचं सांगितलं. कोणाचं समाधान, असं धाकटीने विचारलं. त्यावर त्याने तिचा अर्ज काढला आणि पेनाचं टोक एका जागी टेकवलं.

“आजी, हे वाचा. शंभरपर्यंत. आम्ही शंभर म्हटलंच नाहीये. पर्यंत म्हटलंय.”

तो शब्द तिथे होता. शंभरच्या मागे, मुंगीने पाय पुसावेत एवढा. पाटीवरही असणार, तिने पाहिला नव्हता.

“मग सात?” धाकटी म्हणाली.

“सात शंभरपर्यंतच येतात ना, आजी.”

इतका वेळ गप्प असलेली नणंद खुर्ची पुढे ओढून बसली. तिने सांगितलं की मी पस्तीस वर्षं खिडकीवर तिकिटं दिली. रेल्वे स्टेशनपर्यंतचं तिकीट काढलेल्या माणसाला पहिल्याच चौकात उतरवून ‘स्टेशनपर्यंत म्हटलं होतं, स्टेशन म्हटलं नव्हतं’ असं आम्ही सांगितलं असतं, तर लोकांनी मला त्या खिडकीच्या फटीतून बाहेर ओढून काढलं असतं. आणि फट केवढी असते माहितीये ना? मागच्या बाकावर कोणीतरी मोठ्याने हसलं.

टायवाला जरा लाल झाला. त्याने सूर बदलला. म्हणाला की आमच्या बाजूने सगळं ठीक आहे, आजींचा फोनच जुना असणार, जुन्या फोनना एवढा वेग झेपत नाही. धाकटीने फोन त्याच्यापुढे ठेवला. मग बघा, म्हणाली. इथल्या नेटला जोडून बघा.

त्याने जोडला. स्वतःच वेग मोजला. येणारा शहाण्णव. धाकटीने जाणाराही मोजायला लावला. तोही नव्वद. “फोन तर चांगला दिसतोय,” तो पुटपुटला. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला हे त्याच्या ध्यानात यायच्या आत धाकटीने त्याच्या हातातून फोन घेतला आणि थोरलीला लावला.

सुनेने उचलला. आज शुक्रवारी कशा, म्हणून तिने विचारलं. धाकटीने सासूकडे द्यायला सांगितला. थोरली आली. पलंगाला टेकून बसलेली, चेहरा ओढलेला, जणू पाच दिवस झोपली नसावी. धाकटीने फोन काउंटरवरच्या पत्रकांच्या खोक्याला टेकवून उभा केला, चष्मा वर सरकवला, आणि गिरणीतल्यासारखे ओठ उघडले.

“नको,” ती म्हणाली. “नको विकू. नको.”

थोरली पुढे झुकली. “काय म्हणालीस?”

“नको. घर, नको विकू.”

टायवाल्याने विचारलं की आजी, आवाज येत नाहीये का, बटण दाबू का. नणंदेने त्याला सांगितलं की गप बसा, त्या बोलतायत. टोकन घेऊन बसलेली माणसं माना वर करून बघायला लागली. एक म्हातारी फोनपुढे नुसतीच तोंड हलवत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

“मग रविवारी विकू का म्हणालीस?” थोरलीने विचारलं.

“विकू नकोस म्हटलं होतं, ताई. नकोस तुझ्यापर्यंत पोचलंच नाही.”

थोरलीचे ओठ मिटले. चित्र गोठलंय की काय, म्हणून धाकटी फोनवर वाकली. मग थोरलीची पापणी लवली.

“मला वाटलं, तुलाही मी जड झाले,” ती म्हणाली. “पोराला वाटणं वेगळं. तू म्हणालीस म्हणून मी कुणाशी भांडले नाही. मूर्ख कुठली. ‘नको’ आधी म्हणायचं हे तुला किती वेळा शिकवलं?”

“चुकले.”

“मी काल माझं शिलाईचं मशीन सुनेच्या बहिणीला देऊन टाकलं. आता ते कोणत्या तोंडाने परत मागू?”

धाकटीला रडता रडता हसू आलं. थोरली मात्र हसली नाही. तिने मान वळवून खोलीत कुठेतरी पाहिलं, सुनेकडे असेल, आणि मग बहिऱ्या माणसाच्या त्या खणखणीत, स्वतःला ऐकू न येणाऱ्या आवाजात ती म्हणाली, “घर विकायचं नाही.” इतका वेळ मुक्या असलेल्या फोनमधून तो आवाज असा आला की काचेच्या दाराशी उभा असलेला पहारेकरीसुद्धा आत बघायला लागला.

फोन ठेवल्यावर टायवाल्याने धाकटीपुढे पाण्याचा पेला सरकवला. काय झालं ते त्याला कळलं नव्हतं, पण काहीतरी झालं एवढं कळलं होतं. त्याने स्वतःच्या हाताने दहावी तक्रार लिहून घेतली. धाकटीने ती सही न करता परत केली. म्हणाली, आता राहू दे.

त्या संध्याकाळी भाच्याचा फोन आला. मावशी, एका आठवड्यात दोन तोंडांनी बोलतेस, असं तो म्हणाला. तिने वायरीचं, चाळीस घरांचं, येणाऱ्या नि जाणाऱ्या वेगाचं सगळं सांगितलं. त्याला ते पटलं नाही. हल्ली जो तो आपली चूक नेटवर ढकलतो, म्हणाला. धाकटी त्याच्यावर चिडण्यापेक्षा त्या पांढऱ्या डबीवर जास्त चिडली.

पुढे ऑक्टोबरमध्ये थोरली आपल्या घरी परतली. न्हाणीघरात धरायला दांडे भाच्यानेच बसवले. कुणाशी न बोलता बसवले, पण चांगले मजबूत बसवले. मावशीशी तो अकरा महिने बोलला नाही. मग त्याच्या वाढदिवसाला धाकटीने फोन केला, आणि तो पहिल्यासारखाच बोलायला लागला, मधलं काही न काढता. त्याचं बरं चाललंय. शिलाईचं मशीन सुनेच्या बहिणीकडेच राहिलं. थोरलीने दुसरं घेतलं आणि ते पहिल्याइतकं कधी चाललं नाही, असं शेवटपर्यंत ऐकवलं.

वायरवाल्याने पुढच्याच वर्षी कंपनी सोडली आणि दिव्यांचं छोटं दुकान काढलं. धाकटी बल्ब त्याच्याकडूनच घेते. टायवाल्याला बढती मिळून तो दुसऱ्या शाखेत गेल्याचं कानावर आलं. ती कंपनी पुढे मोठ्या कंपनीने गिळली. आता घरातला वेग बरा आहे, असं म्हणतात. धाकटी मोजत नाही.

नणंद दोन हजार एकवीस साली गेली, आठच दिवसांच्या आजारात. दवाखान्यात तिने डॉक्टरांचं म्हणणं पुरतं ऐकून घेतलं नाही ते नाहीच.

थोरली दोन हजार तेवीसच्या हिवाळ्यात गेली, तिच्याच दोन खोल्यांत. सून जवळ होती. त्या शुक्रवारनंतर त्या सुनेने सासूला विचारलं होतं, तुम्ही दोघी काय बोलता ते मलाही शिकवा. थोरलीने पाच वर्षं शिकवलं.

आता रविवारी पाच वाजता धाकटी त्या सुनेला फोन लावते. दोघींनाही चांगलं ऐकू येतं, तरी दोघी आवाज बंद ठेवतात. सुनेला पुष्कळ येतं. पण ओठांवर ‘प’, ‘ब’ आणि ‘म’ एकसारखेच दिसतात, ते मागच्यापुढच्या शब्दांवरून ओळखायचे असतात, ते तिला अजून जमत नाही. ती मध्येच काहीतरी भलतंच वाचते, आणि धाकटी कपाळाला हात लावून सगळं वाक्य पहिल्यापासून म्हणते.